दोघांच्या नावानं एकीचं जेवण

रोंगताईच्या घरात लेइ दायोंग नावाचा एक पुरुष दहा वर्षं राहत होता. तापट माणूस. रात्रपाळी करून दिवसा झोपणारा, कुणी दार वाजवलेलं जराही न खपणारा. दाराबाहेरच्या रॅकवर त्याचे चव्वेचाळीस नंबरचे बूट असायचे, चिखलानं बरबटलेले. तो चिखल रोंगताई महिन्यातून एकदा नदीकाठावरून पिशवीत आणून स्वतःच्या हातानं फासायची, कारण लेइ दायोंग नावाचं कुणी कधी जन्मालाच आलं नव्हतं.

मला हे पहिल्यापासून ठाऊक होतं आणि मी तिची भरपूर खेचायचे. "भाऊजी उठले का गं?" असं भर फाटकात विचारायचे. तीही चेहरा न हलवता म्हणायची, "उठलेत, आणि भात गार होता म्हणून वाडगा भिरकावलाय." आजूबाजूचे ऐकायचे. तिला तेच हवं असायचं.

मी यिंग. आमचं चीनमधलं शहर डोंगरउतारावर वसलेलं, म्हणून आमच्या इमारतीला दोन फाटकं. एक खाली नदीच्या रस्त्यावर, पहिल्या मजल्याला, आणि दुसरं वर बाजाराच्या रस्त्यावर, अकराव्या मजल्याला. या वरच्या फाटकाशी मी शिलाईमशीन घेऊन बसते. चेन बदलणं, पँट आखूड करणं, असली कामं. वरून शिरणारा एकूण एक डिलिव्हरीवाला माझ्या डोळ्यांखालून जातो. रोंगताई चोविसाव्या मजल्यावर. दोन खोल्या, एकीत ती, दुसरी भाड्यानं, तीही फक्त बायकांना. आम्ही दोघी एकाच कापडगिरणीतल्या. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी, आता बासष्ट पूर्ण. लग्न तिनं केलं नाही. का, ते आधी सांगते, म्हणजे त्या बुटांना हसणाऱ्यांना थोडं कळेल.

गिरणीच्या वसाहतीत आमच्या शेजारी फांग राहायची. नवरा कामासाठी दूर दक्षिणेला गेलेला. गॅसचं सिलिंडर आणणारा माणूस दोन वर्षांचा ओळखीचा, जिन्यात भेटला की पोरांना गोळ्या वाटणारा. एकदा त्यानं सहज विचारलं, "दादा दिसत नाहीत हल्ली?" फांग हसून म्हणाली, "ते आता नव्या वर्षालाच येणार." त्यानंतर चार दिवसांनी रोंगताई तिच्याकडे मीठ मागायला गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. आत काय पाहिलं ते तिनं कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. फांगला शेवटचे कपडे मी शिवले, त्यामुळे मला जेवढं कळायचं तेवढं कळलं.

"त्याला दुसरं काही माहीत असायची गरजच नव्हती," रोंगताई म्हणायची. "ती एकटी आहे, एवढं एकच पुरलं."

मग जेवण दारात आणून देणारी ॲप आली आणि रोंगताईची झोपच उडाली. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पूर्वी महिन्यातून एकदा परका पुरुष दारापर्यंत यायचा, आता दिवसातून दोनदा येतो, आणि त्याच्या हातातल्या चिठ्ठीवर तुमचं नाव, मजला, खोली आणि तुम्ही काय खाता ते सगळं छापलेलं असतं. तेव्हा तिचे नियम ठरले. नाव लेइ दायोंग. जेवण एकाचं असलं तरी चॉपस्टिकच्या जोड्या दोन मागायच्या. आणि सूचनेच्या रकान्यात लिहायचं: दार वाजवू नका, बेल दाबू नका, पिशवी कडीला अडकवा आणि जा. एकट्या राहणाऱ्या कितीतरी मुली आमच्याकडे हेच करतात. पण त्या नाव लिहून विसरतात, रोंगताईनं माणूस उभा केला.

गेल्या पावसाळ्यात एका नव्या डिलिव्हरीवाल्यानं सूचना न वाचता तीनदा दार ठोकलं. रोंगताई दाराच्या आत श्वास रोखून उभी. तो गेल्यावर तिनं लेइ दायोंगच्या नावानं तक्रार ठोकली, वर निरोप धाडला: "पुन्हा वाजवलंस तर हात उखडून हातात देईन. तुझा चेहरा मी पाहून ठेवलाय." त्या बिचाऱ्याचं काम दोन दिवस बंद राहिलं. मला हे कसं कळलं? तोच जॅकेटची चेन बदलायला माझ्याकडे आला. मोउ त्याचं आडनाव, चाळिशीचा, हातांचे पंजे केवढे, बोलणं मोजकं. चेन लावून होईपर्यंत तो वर चोविसाव्या मजल्याकडे बघत होता.

"भेटेल कधीतरी समोरासमोर," तो म्हणाला. "मग बघू कोण कुणाचा हात उखडतं."

मी मान खाली घालून दोरा तोडला. रोंगताईला हे सांगितलं तेव्हा मी हसत होते, ती हसली नाही.

मग नोएमी आली. उरुग्वे म्हणून कुठला देश आहे तिथली, तीस-एकतीसची, सडपातळ, केस पोरासारखे कापलेले. आठ दिवसांसाठी आली आणि महिनाभर राहिली. दिवसभर जिने आणि पूल वहीत काढत बसायची. चिनी भाषेचं अक्षर येत नाही, पण जेवण मात्र फोनवरच मागवायचं हा हट्ट. त्या ॲपमध्ये जिकडे तिकडे आमचीच अक्षरं, त्यात मध्येच लाल पाकिटं उडत येतात, बक्षीस घ्या म्हणतात. बाई प्रत्येक पानाचा फोटो काढून दुसऱ्या ॲपमध्ये घालायची, ते भाषांतर सांगायचं, तोपर्यंत पहिलं पान पळालेलं असायचं. एकदा तिनं तीन माणसांना पुरेल एवढी नुसती बदकाची मानच मागवली. एकदा पत्ता बरोबर टाकला, पण फाटक चुकलं. डिलिव्हरीवाला खाली नदीच्या रस्त्यावर उभा, ही वर अकराव्या मजल्याच्या रस्त्यावर, दोघं एकमेकांना फोनवर आपापल्या भाषेत "मी फाटकातच आहे" म्हणून ओरडतायत. मी मशीन थांबवून पोट धरून हसले. शेवटी तिचं परदेशी कार्डही चालेना, तेव्हा रोंगताईनं तिचं जेवण आपल्याच फोनवरून मागवायला सुरुवात केली.

पहिल्याच दिवशी चॉपस्टिकवरून प्रश्न आला. भाषांतराचं यंत्र मध्ये ठेवून दोघी बोलत होत्या.

"मी तर एकटी आहे. दोन जोड्या कशाला?"

"म्हणूनच," रोंगताई म्हणाली. आणि मग ताईनं तिला सगळं शिकवलं, शाळेतल्या बाईंसारखं, एकेक करून. अंघोळीला गेलं तरी न्हाणीघराला आतून कडी लावायची. दारात पुरुष आला की पाऊल वाजवायचं नाही. तो काहीही बोलो, ओ द्यायची नाही. तो गेला, लिफ्टचा आवाज आला, मग शंभर आकडे मोजायचे आणि मगच पिशवी आत घ्यायची. नोएमी मोठ्या डोळ्यांनी ऐकत होती. तिला हे पटलं की गंमत वाटली, देव जाणे. पण पोरगी शब्दाची पक्की निघाली.

वर्षाच्या शेवटच्या महिन्यात डोंगरातल्या गावांत घरचं डुक्कर कापतात आणि सगळ्या नात्यागोत्याला जेवायला बोलावतात. रोंगताईच्या थोरल्या बहिणीकडून बोलावणं आलं. ताई जायला तयार नव्हती. मीच मागे लागले. "चार वर्षं गेली नाहीस. ती पोरगी काय कुकुलं बाळ आहे? जेवण तू इथून मागवतेस ते तिथून मागव. फोनला काय, डोंगर आडवा येतो?" ती कबूल झाली. मंगळवारी सकाळी आम्ही दोघी निघालो. बसनं पाच तास. त्या दुपारी ताईनं नोएमीसाठी पातळ भात आणि वाफवलेली अंडी मागवली, आणि थोड्या वेळानं नोएमीचं अंगठ्याचं चित्र आलं. जेवण मिळालं की ती अंगठा पाठवायची.

बुधवारी जेवण पोचलं, अंगठा आला नाही. ताईनं दोनदा विचारलं, उत्तर नाही. "झोपली असेल," मी म्हणाले. "चित्रं काढत असेल. तू तरी किती बघशील त्या फोनात?" ते शब्द माझे होते, आणि ते मी आजही गिळू शकत नाही.

गुरुवारी डुक्कर कापलं. अंगणात सकाळपासून धूर, मोठमोठ्या घमेल्यांत गरम पाणी, पंचवीस-तीस माणसं. दुपारी साडेबाराला पहिली पंगत बसली. गोठवलेल्या रक्ताच्या वड्या, लसणीच्या पातीवर परतलेली कलेजी, मुळ्याबरोबर शिजवलेली हाडं. ताईचे मेहुणे मक्याची दारू ओतत होते आणि तिला टोमणे मारत होते.

"शहरात दारात जेवण येतं म्हणे तुमच्या. आणून देणारा भरवतोही का?"

"तुमच्यासारखा असला तर अर्धं वाटेतच खाईल," ताई म्हणाली आणि सगळे हसले. तेवढ्यात तिचा फोन वाजला: लेइ दायोंग यांचं जेवण पोचलं. सोबत फोटो. दार न वाजवता ठेवलं की डिलिव्हरीवाला पुरावा म्हणून फोटो काढून टाकतो. ताईला चष्म्याशिवाय दिसत नाही, ती नुसते शब्द वाचून फोन खाली ठेवते. मला चोंबडेपणा भारी. परदेशी पोरगी रोज काय खाते ते बघायला मी फोन ओढून घेतला.

फोटोत दाराची कडी होती. कडीला पिशवी. आणि तिच्या मागे आणखी एक पिशवी, थोडी ओघळलेली, त्याच दुकानाची.

"ताई," मी म्हणाले, "कालचं जेवण तिनं आत घेतलेलं नाही."

माझ्या हातातली कलेजी तशीच राहिली. ताईनं चष्मा शोधला, घातला, फोटो मोठा केला, लहान केला. मग नोएमीला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पानावरची माणसं अजून हसत होती, आणि मला त्यांचा हसण्याचा आवाज नकोसा झाला.

ताई परसदारी गेली, मीही मागोमाग. तिनं इमारतीच्या रखवालदाराला फोन केला. श्यांगकाका, पाय अधू, पण मनानं चांगला. फोन मोठ्या आवाजावर होता.

"काका, चोविसाव्यावर जा हो. माझं दार वाजवा. आत मुलगी आहे, काही झालंय तिला."

काका घुटमळले. "ताई, आता तुम्हीच विषय काढलात म्हणून सांगतो. मंगळवारी संध्याकाळी तुमच्या घरात काहीतरी धाडकन आदळलं. मग बाई कण्हत होती. तेविसाव्यावरच्या बाईंनी मला येऊन सांगितलं. आम्ही म्हटलं, ताई गावाला गेल्यात, लेइसाहेबांनी कुणाला तरी घरी आणलंय, दोघांची जुंपलीय. आता असलं तुमच्याजवळ बोलायचं कसं?"

"काका, लेइसाहेब नाहीत."

"बाहेर गेलेत का?"

"नाहीतच. कधी नव्हतेच. मी बनवलेत."

पलीकडे काका कीव आल्यासारखे हसले. "ताई, राग मी समजू शकतो. पण मी स्वतः पाहिलंय त्यांना लिफ्टमध्ये, कितीदा तरी. तुमच्या नवराबायकोच्या भांडणात मी दार वाजवायला गेलो तर ते माझं डोकं फोडतील. आणि दाराच्या कुलपाचे आकडे काही माझ्याकडे नाहीत."

ताई आकडे सांगेपर्यंत काकांनी फोन ठेवला. मंगळवार संध्याकाळ. म्हणजे दोन रात्री. आमच्याकडे थंडीत घर तापवायला चूल नसते, शेगडी नसते, भिंतींना पाणी सुटतं. ती पोरगी दोन रात्री कुठे पडली होती, आणि आवाज ऐकणाऱ्यांनी तो एका नसलेल्या माणसाच्या खात्यावर टाकून दिला होता.

मी माझ्या फोनवरून रुग्णवाहिकेला लावला. त्यांनी गाडी सोडली, पण कधी पोचेल ते सांगेनात; विचारलं, तोवर दार उघडायला तिथं कुणी आहे का? पोलिसांना लावला, ते म्हणाले माणूस पाठवतो, पण वर पुलावर अपघात झालाय, वेळ लागेल. ताईच्या फोनमध्ये मात्र अजून एक नंबर होता. जेवण पोचवल्यावर थोडा वेळ त्या डिलिव्हरीवाल्याला ॲपमधून फोन लावता येतो. तिनं लावला.

"बोला."

तो आवाज मी लगेच ओळखला. मी तिच्या कानाशी ओठ नेऊन म्हणाले, "मोउ आहे. चेनवाला."

ताईनं डोळे मिटले. मग म्हणाली, "दादा, तुम्ही आत्ता चोविसाव्यावर जेवण ठेवलंत ना, लेइ यांच्याकडे. जरा परत वर जाऊन दार वाजवाल का?"

"लेइ दायोंगचं दार?" तो म्हणाला. "मावशी, चिठ्ठीवर काय लिहिलंय माहितीय? वाजवू नका. एकदा वाजवलं होतं, दोन दिवस घरी बसलो. इमारतीतली बाकीची देऊन आत्ता फाटकात पोचलोय, पुढचं जेवण आठ मिनिटांत द्यायचंय. त्यांना सांगा, स्वतः उठून दार उघडा."

"ते उठणार नाहीत."

"का? हात उखडतात ना लोकांचे? मग कडी उखडा म्हणावं."

ताईनं फोनवर तळवा दाबला आणि माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तिचा असा चेहरा मी एकदाच पाहिला होता, मीठ मागायला गेली त्या सकाळी.

"कसा आहे गं तो?" तिनं विचारलं.

"मला काय ठाऊक? मी चेन लावून दिली त्याला. नीट वागला. पैसे दिले."

"तोही नीट वागायचा. पोरांना गोळ्या द्यायचा."

मी जामीन राहू शकत नव्हते. कुठल्या तोंडानं राहायचं? त्या दारावर त्याचा राग होता, तो मी माझ्या कानांनी ऐकला होता. आणि आता त्यालाच सांगायचं होतं की आत कुणी पुरुष नाही, एक परकी पोरगी आहे, एकटी, तिला हलता येत नसावं, तिची भाषा इथं कुणाला कळत नाही, आणि हे घ्या दाराचे आकडे. रोंगताईनं उभा जन्म जे एका परक्या पुरुषाला कळू दिलं नव्हतं, ते सगळं एका दमात.

"मावशी, मी जातो," फोनमधून आवाज आला.

"थांबा."

परसातल्या गोठ्यात कापलेल्या डुकराची जागा रिकामी होती, तिकडे तोंड करून ताई बोलली. प्रत्येक शब्द दगडासारखा काढून ठेवला. "दादा, लेइ दायोंग नावाचा माणूस नाही. मीच ते नाव लिहिते. तुमच्यावर तक्रार मी केली, ती शिवीही मीच लिहिली. मी म्हातारी बाई आहे, मला भीती वाटली म्हणून लिहिली. आत एक मुलगी आहे. एकटी आहे. मंगळवारपासून तिनं खाल्लेलं नाही."

गाड्यांचे भोंगे ऐकू येत होते.

"एकटी?" त्यानं विचारलं.

तो एक शब्द. त्यात काय होतं ते मला कळलं नाही, आणि ताईलाही नाही.

"एकटी," ती म्हणाली, आणि सहा आकडे सांगितले. "फोन बंद करू नका, दादा. माझ्याशी बोलत राहा. मी ऐकतेय."

लिफ्टमध्ये काही क्षण आवाज गेला, मग परत आला. बुटांचे आवाज. मग दाराच्या आकड्यांचे टिक टिक टिक. त्या आवाजानं ताईनं माझं मनगट धरलं, तिची नखं रुतली. दार उघडलं. "कुणी आहे का?" त्यानं हाक मारली. "अहो! कुणी आहे?" काही नाही. पावलं पुढे गेली. "खोलीत कुणी नाहीये, मावशी. फोन इथं बिछान्यावर आहे. न्हाणीघराचं दार आतून बंद आहे." त्यानं दार वाजवलं. "अहो, तुमच्या मावशीनं पाठवलंय!" काही नाही. नळाचं पाणी ठिबकावं तसं काहीतरी. मग तो स्वतःशीच म्हणाला, "आत कुणीतरी आहे," आणि लाकडावर काहीतरी जोरात आदळलं, पुन्हा आदळलं, बाईची किंकाळी आली, आणि फोन बंद झाला.

ताईनं परत लावला. लागेना. पुन्हा. लागेना. मेहुणे वाडगा घेऊन परसात आले. "अगं, हाडं गार होतायत, कसली खलबतं चाललीत?" त्यांनी ताईचा चेहरा पाहिला आणि आल्या पावली मागे गेले. ताई उकिडवी बसली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिनं झटकला.

"मी दिली," ती म्हणाली. "माझ्या हातानं दिली त्याला."

अकरा मिनिटं गेली. मी मोजली, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. त्या अकरा मिनिटांत मी मोउचे पंजे पाहिले, वर बघणारे डोळे पाहिले, फांगचे कपडे पुन्हा एकदा शिवले. मग अनोळखी नंबरावरून फोन आला.

"जिवंत आहे," मोउ म्हणाला. त्याला धाप लागली होती. "मांडी मोडलीय. बर्फासारखी झालीय, बादलीतलं पाणी पिऊन राहिलीय. मी रजया घातल्यात. मला बघून ती किंचाळतेय, मावशी, मला जवळ येऊ देत नाही. मी भाषांतराचं ॲप उघडायला गेलो तर तुमचा फोन बंद झाला. रुग्णवाहिका फाटकात आलीय, पण खालच्या फाटकात. मी आणायला जातोय."

ताईनं पदर घ्यावा तसा एप्रन तोंडावर घेतला आणि ती रडली. मीही रडले. देवाचे आभार मानावेत तसे मी त्या माणसाचे आभार मानले, आणि दोन मिनिटांपूर्वी त्याच्याबद्दल काय काय मनात आणलं होतं त्याची लाजही वाटली.

त्याच संध्याकाळी आम्ही दवाखान्यात पोचलो. नोएमी पांढऱ्याफटक चादरीत होती, हाताला नळ्या. मूत्रपिंडांवर ताण आलाय, पण सावरेल, असं डॉक्टर म्हणाले. पाय मात्र पूर्वीसारखा होणार नाही. रक्त न पोचून त्या पायाची बोटं काळी पडली होती. आणखी एक रात्र गेली असती तर हे बोलणंच झालं नसतं, असं त्यांनी अगदी साधेपणानं सांगितलं. जिने काढायला आलेली पोरगी.

ताई तिच्या उशाशी बसली, तिचा हात हातात घेतला. यंत्र मध्ये ठेवलं. ताई म्हणाली, "बाळा, नंतर आवाज का दिला नाहीस? मंगळवारी तर तेविसाव्यावरही ऐकू गेलं होतं. काल माणूस जेवण घेऊन आला होता, आजही आला. न्हाणीघर दारापासून चार हातांवर. तुला ऐकू नाही आलं का?"

नोएमीनं बराच वेळ यंत्रात हळूहळू सांगितलं. मग त्या यंत्राची ती गोड, आनंदी बायकी वाणी खोलीभर बोलली. जेवण पोचलं म्हणून सांगावं तशी.

"ऐकू आलं. पहिल्या संध्याकाळी दुखत होतं म्हणून मी ओरडले. मग आठवलं. काल माणूस आला, पिशवी वाजली. मला कण्हणं थांबवता येत नव्हतं. मी टॉवेल तोंडात कोंबला. लिफ्टचा आवाज आल्यावर शंभर मोजले. आजही तसंच केलं. तुम्ही सांगितलं होतं तसं."

शेजारच्या खाटेवरची बाई आमच्याकडे वळून बघत होती. ताईनं नोएमीचा हात आपल्या कपाळाला लावला आणि तसाच धरून ठेवला. तिचे खांदे हलत होते.

"बरोबर केलंस," ती म्हणाली. "दुसरा कुणी असता तर बरोबरच होतं."

यंत्र सुरूच होतं. त्यानं ते वाक्य नोएमीला तिच्या भाषेत सांगितलं. नोएमीनं ऐकलं आणि ताईच्या हातातून आपला हात हळूच सोडवून घेतला.